माती-चुनखडी तपासणी किट: रसायनं ठीक, ब्युरेट मात्र बदलून घ्या

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत पानं पिवळी पडली की पहिला संशय मातीतल्या चुनखडीवर जातो. ती मोजायला नाशिकच्या लॅब साहित्याच्या दुकानातून आणलेलं हे किट बॅक टायट्रेशनवर चालतं. टायट्रेशन म्हणजे ताकद माहीत असलेलं द्रावण ब्युरेटमधून (खुणा असलेल्या काचनळीतून) थेंबथेंब सोडून दुसऱ्या द्रावणातलं आम्ल मोजणं. थेट टायट्रेशन इथं जमत नाही. चुनखडी पाण्यात विरघळत नाही आणि तिचे खडे आम्लातही सावकाश विरघळतात. म्हणून आम्ल मुद्दाम जास्त घालायचं आणि उरलेलं कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) मोजायचं.

५ ग्रॅम माती, १०० मिली १ नॉर्मल (द्रावणाच्या ताकदीचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल, तासभर अधूनमधून हलवणं, गाळ बसल्यावर वरचं २० मिली निवळ पाणी पिपेटने घेऊन १ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेशन. माहितीपत्रक इथवर बरोबर आहे. ब्लँकचा, म्हणजे माती न घालता केलेल्या टायट्रेशनचा, मात्र त्यात उल्लेखच नाही! कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून नरम पडतं, त्यामुळे नुसतं २० मिली आम्ल रोज टायट्रेट करायलाच हवं. समजा ब्लँकला २०.४ मिली लागलं, नमुन्याला १७.८. फरक २.६, गुणिले ५, म्हणजे १३ टक्के चुनखडी. ५०० मिली आम्लात '५ तपासण्या' लिहिल्यात. ब्लँक धरला तर चारच होतात. २.५ ग्रॅम माती आणि ५० मिली आम्ल घेतलं तरी सूत्र तेच राहतं, फक्त माती बारीक वाटून नीट मिसळलेली हवी.

मातीसाठी दिलेली १५० मिलीची झाकणाची बाटली वापरू नका. वरच्या १३ टक्क्यांच्या नमुन्यातून साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. झाकण घट्ट असेल तर उडतं. २५० मिलीचा कोनिकल फ्लास्क घ्या, आम्ल थोडं थोडं ओता. बुडबुडे पुरते थांबायच्या आत टायट्रेशन केलं तर विरघळलेला वायूही कॉस्टिक खातो आणि चुनखडी कमी दिसते. काळ्या मातीत शेवटी लोहाचा तपकिरी गढूळपणा येऊन फिनॉल्फ्थॅलिनचा (आम्ल संपल्याची खूण देणाऱ्या रसायनाचा) गुलाबी रंग झाकला जातो. खाली पांढरी टाइल ठेवा, ३० सेकंद टिकेल तोच रंग धरा.

०.१ मिलीची चूक म्हणजे अर्धा टक्का. कमी चुनखडीच्या जमिनीला हे किट तसंच्या तसं वापरण्यात अर्थ नाही. १० ग्रॅम माती घेऊन २.५ ने गुणा.

ब्युरेटची तोटी काचेची आहे. कॉस्टिक आत राहिलं की ती चिकटून बसते. टेफ्लॉन तोटीचं मागून घ्या.