जुना स्लेटचा पूल टेबल की नवा एमडीएफचा?

पुण्यात बंद पडलेल्या पूल पार्लरचा (पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ) टेबल विकायला निघाला की प्रश्न येतोच: तो घेऊन नव्याने बांधायचा, की दुकानातून नवा, स्वस्त टेबल आणायचा?

नव्याचा पृष्ठभाग बहुधा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा. हलका, दोघांत उचलता येतो, त्याच संध्याकाळी खेळ सुरू. पण जुलै-ऑगस्टची ओल त्याने शोषली की पाट फुगतो, वाकतो, आणि चेंडू आपोआप एका कोपऱ्याकडे निघतो. यावर इलाज नाही.

स्लेट म्हणजे दगड, त्याला पावसाचं सोयरसुतक नाही. नऊ फुटी टेबलात साधारण इंचभर जाडीचे तीन तुकडे असतात, एकेक ऐंशी-नव्वद किलोंचा. पेठेतल्या जुन्या इमारतीच्या अरुंद जिन्याने ते चढवणं हीच निम्मी मजुरी! मग खरी कारागिरी. आधी सांगाडा समतल करायचा, त्यावर तुकडे एकेक करून स्पिरिट लेव्हलने जुळवायचे, सांध्यांत मेण वितळवून भरायचं आणि गार झाल्यावर पात्याने खरवडायचं. कापड ओढून ताणायचं ते शेवटी. कुशनचं, म्हणजे चेंडू आपटून परततो त्या कडेचं, रबर कडक झालं असेल तर बदलायचंच. त्याची धार सव्वादोन इंची चेंडूसाठी पृष्ठभागापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर हवी, नाहीतर चेंडू उसळतो.

स्लेटला तडा असेल तर मात्र सौदा सोडा. भाड्याच्या घरात राहत असाल तर एमडीएफच बरा. बाकी कुणी विचारलं तर मी जुनाच घ्या म्हणेन.