'संकट किंवा युद्ध आलं तर' : स्वीडन सरकारची पुस्तिका, वर्षभर जवळ ठेवल्यावर

नोव्हेंबर २०२४ मध्ये गोथेनबर्गच्या आमच्या घरी टपालातून एक पातळ पुस्तिका आली. स्वीडनच्या नागरी संरक्षण खात्याने ती ५० लाखांहून अधिक घरांत फुकट पाठवली. पाणी किती साठवावं, वीज गेली तर बातम्या कशा ऐकाव्यात, आसरा कुठे घ्यावा, हे सगळं ३२ पानांत नेमकं सांगितलंय. त्या भागाला पैकीच्या पैकी गुण. मी मात्र ती उघडते ती मुख्यतः एका वाक्यासाठी. त्याचा आशय असा : देशावर हल्ला झाला तर आपण कधीही हार मानणार नाही, लढा थांबवल्याची कुठलीही बातमी आली तर ती खोटी समजा.

हे वाक्य आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात स्वीडनने काढलेल्या १९४३ च्या पुस्तिकेतही याच अर्थाचा मजकूर होता. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, ९ एप्रिल १९४० च्या संध्याकाळी, जर्मनीने हल्ला केला त्याच दिवशी, शेजारच्या नॉर्वेत नाझींच्या बाजूच्या क्विसलिंग या नेत्याने ऑस्लो रेडिओवरून स्वतःचं सरकार जाहीर केलं आणि सैन्याची जमवाजमव रद्द झाल्याचं सांगितलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये तर राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींचाच बनावट व्हिडिओ फिरला, सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगणारा. अशा वेळी खरं-खोटं तपासत बसायला कुणाला सवड असते? म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवायचं. मानसिक युद्धावरचा इतका साधा आणि पक्का उपाय मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पण माझी खंत वेगळी आहे, आणि ती माझ्या नोकरीतून आली आहे. मी इथे एका बालवाडीत काम करते. २०२२ च्या सुरुवातीला एक आई मुलाला घ्यायला आली. त्याचं जॅकेट हुकवरून काढता काढता तिने फोन माझ्यापुढे धरला. रडणारी एक बाई, खाली अरबी अक्षरं. मोडक्या स्वीडिशमध्ये तिने विचारलं, "तुम्ही पण नावं कळवता का?" स्वीडनचं समाजकल्याण खातं मुसलमानांची मुलं पळवतं, असा प्रचार तेव्हा परदेशातून जोरात चालला होता. परदेशी अपप्रचाराला तोंड देणारी देशाची मानसिक संरक्षण संस्था त्याच वर्षी १ जानेवारीला सुरू झाली होती; तिच्यापुढचं पहिलं मोठं काम हेच ठरलं. दुसऱ्या दिवसापासून ते मूल यायचं बंद झालं. नऊ दिवस त्याचा हुक रिकामा होता.

त्या आईला वेडी म्हणणं मला जमलं नाही. धोक्यात असलेल्या मुलाला घरापासून दूर ठेवण्याचा कायदा इथे खरोखरच आहे, त्याचा निर्णय न्यायालय देतं. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची मुलं ताब्यात घेतली गेली, हाताने भरवणं हाही त्यांच्यावरच्या आक्षेपांत होता असं ऐकून तेव्हा इथल्या आम्ही मराठी आयाही मुलांना हाताने भरवायला बिचकू लागलो होतो. हा प्रचार भीती नव्याने पेरत नाही, आधीच असलेल्या भीतीला पाणी घालतो. सैन्यांना हे चांगलं ठाऊक आहे. चीनच्या सैन्याने तर २००३ मध्येच जनमताचं, मानसिक आणि कायदेशीर अशी, गोळी न झाडता लढायची 'तीन युद्धं' आपल्या अधिकृत धोरणात घेतली.

इथेच पुस्तिका मला अपुरी वाटते. स्रोत पाहा, अफवा पुढे पाठवू नका, हे ती सांगते आणि ते बरोबरच आहे. पण घाबरलेली शेजारीण दारात उभी असेल तर तिच्याशी काय बोलायचं, यावर ओळही नाही. त्या नऊ दिवसांत तिच्या फोनवरची कुठलीही खातरजमा उपयोगी पडली नाही. मी आणि एक अरबी बोलणारी सहकारी तिच्या घरी गेलो, चहा प्यायलो, कायद्यात काय आहे आणि काय नाही ते दोन तास सांगितलं. यासाठी आणखी दोन पानं घालायला हवी होती.

तरीही पुस्तिका रद्दीत टाकू नका. छापील प्रत स्वीडिशमध्ये येते. अरबी, सोमाली, फारसी, युक्रेनियन अशा भाषांतल्या आवृत्त्या संकेतस्थळावर मिळतात. शेजारी कोण राहतं ते पाहून त्यांच्या भाषेतली डाउनलोड करून द्या. मी अरबी आवृत्ती छापून बालवाडीच्या दारातल्या फळीवर ठेवली आहे, जॅकेटच्या हुकांच्या वरच. आतापर्यंत तीन प्रती गेल्या, चौथी काल ठेवली.