प्रात्यक्षिकानंतर उरलेली रसायने: त्याच दिवशी निष्प्रभ करावीत की साठवून सोपवावीत?

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाचे भांडार ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्यांच्यापुढे पहिल्याच सत्रात हा प्रश्न उभा राहतो. चंचुपात्रांत, ब्युरेटमध्ये आणि अभिकर्मकांच्या बाटल्यांच्या तळाशी जे उरते ते तसेच बेसिनमध्ये ओतायचे नाही, हे आता सगळ्यांना मान्य आहे. त्यानंतर दोन मार्ग राहतात. पहिला म्हणजे उरलेले सगळे वर्गवारीने कॅनमध्ये साठवून ठराविक मुदतीत घातक कचऱ्याच्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवणे. दुसरा म्हणजे ज्याचे उदासिनीकरण (आम्ल-अल्कलीचा प्रभाव घालवणे), क्षपण (रिडक्शन) किंवा अवक्षेपण (गाळ म्हणून तळाशी बसवणे) करता येते ते त्याच दिवशी प्रयोगशाळेतच करून टाकणे आणि मागे राहिलेला थोडा गाळ तेवढा सोपवणे. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी अकरा वर्षे हे काम पाहतो आहे. पहिली पाच वर्षे आम्ही पहिल्या मार्गाने गेलो, नंतर दुसऱ्या. त्यामुळे पुढचे विवेचन पदवीच्या वर्गांच्या प्रयोगशाळेपुरते आणि आमच्या अनुभवापुरते आहे, असे समजून वाचावे.

साठवून सोपवण्याच्या मार्गाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण तो मार्ग चुकीचा नाही. आपल्याकडे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी सामाईक केंद्रे आहेत आणि तिथे भट्टी, सुरक्षित भूभराव, प्रशिक्षित माणसे असे सगळे असते. कचरा गाडीत चढला आणि मालाच्या पत्रकाची प्रत हाती आली की विभागप्रमुखाला रात्री शांत झोप लागते, हे मी अनुभवले आहे. शिवाय संध्याकाळी पाच वाजता, चार तास उभे राहून दमलेल्या शिक्षकाने आणि परिचराने पुन्हा आम्ल-अल्कलीशी खेळू नये, हा युक्तिवादही वजनदार आहे. सेंद्रिय द्रावकांच्या बाबतीत तर दुसरा पर्यायच नाही. क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन यांसारखे हॅलोजनयुक्त द्रावक एका कॅनमध्ये, अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट, हेक्झेन दुसऱ्यात, आणि दोन्ही केंद्राकडे, हेच बरोबर. अॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र आले आणि तिथे थोडी अल्कली असली तर होणारी अभिक्रिया अतिशय जोरदार असते, एवढ्या एका कारणासाठी तरी दोन कॅन वेगळे हवेतच.

अडचण खर्चाची असेल असे अनेकांना वाटते. खर्च आहेच, कारण आमच्यासारख्या ठिकाणी कचऱ्याच्या वजनापेक्षा गाडीच्या फेरीचेच पैसे जास्त होतात. पण तो अंदाजपत्रकात धरता येतो. मुदतीचीही अडचण आहे. घातक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. महाविद्यालयाचे एक सत्र त्यात कसेबसे बसते. गाडी मात्र दोन-तीन कॅनसाठी डोंगर ओलांडून यायला फारशी राजी नसते. आजूबाजूच्या महाविद्यालयांनी मिळून एक फेरी ठरवली तर हेही जमते, आम्ही दोनदा जमवले होते. म्हणजे खर्च किंवा मुदत यांपायी आम्ही मार्ग बदलला नाही.

मार्ग बदलला तो कॅनवरच्या चिठ्ठीमुळे.

कॅनवर काय लिहावे याचे नियम स्पष्ट आहेत. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत घातक कचऱ्याची सूचना, तीही हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, शिवाय आतील पदार्थाचा प्रकार, प्रमाण आणि तारीख. छापील चिठ्ठ्या आम्ही आणल्या होत्या. पहिला आठवडा त्या नेटक्या भरल्या गेल्या. नंतर ‘आम्लयुक्त, द्वितीय वर्ष’ एवढेच राहिले. हा कोणाचा आळस नव्हता. वीस विद्यार्थ्यांची बॅच, जर्नल तपासून घेण्याची घाई, शेवटची एसटी पकडायची, आणि कॅन भिंतीकडच्या कोपऱ्यात. प्रत्येक जण ओतताना आपण योग्य कॅनमध्येच ओततो आहोत अशा समजुतीत होता. एका फेब्रुवारीत परीक्षा संपल्यावर आमचे परिचर मामा माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “सर, मागचा कॅन फुगलाय.” वीस लिटरच्या चौकोनी कॅनच्या सपाट बाजू गोल झाल्या होत्या आणि झाकणाच्या कडेने तपकिरी डाग ओघळला होता. क्षार-विश्लेषणातले नायट्रिक आम्ल आत होते. ब्युरेट धुऊन वाळवण्यासाठी वापरलेले अॅसिटोनही कोणीतरी त्याच कॅनमध्ये ओतले होते. ही जोडी ताबडतोब काही करत नाही. तास-दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वायू निघू लागतो. आम्ही तो मजला रिकामा केला, खिडक्या उघडल्या, आणि चेहऱ्यावर कवच घेऊन मी झाकण थोडेथोडे सैल केले. तपकिरी धूर बाहेर आला. कोणाला इजा झाली नाही, पण आज विचार करता ते झाकण मी हाताने सैल करायला नको होते.

त्यानंतरचे तीन महिने मला जास्त जड गेले. गाडीवाल्याने तो कॅन उचलला नाही. “सर, आत काय आहे ते लिहून द्या, मग नेतो,” असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे योग्यच होते. मी लिहून देऊ शकत नव्हतो. नमुना तपासून घेईपर्यंत मुदत उलटून गेली आणि जो कॅन सगळ्यात आधी जायला हवा होता, तोच सगळ्यात शेवटी गेला. दुपारी साडेचार वाजता टेबलावरच्या शंकुपात्रात नेमके काय आहे, किती सामर्थ्याचे आहे, हे ते हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला अगदी पक्के ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी ते निम्मे ठाऊक असते आणि महिन्याने कोणालाच ठाऊक नसते. ज्या क्षणी माहिती सर्वांत ताजी असते त्याच क्षणी पदार्थाचा निकाल लावावा, हा विचार माझ्या मनात त्या कॅनपाशी उभा असताना आला आणि अजून बदललेला नाही.

आता दुसऱ्या मार्गाकडे येऊ. त्यातला सर्वांत सुखद भाग असा की पदवीच्या अनुमापनांत (टायट्रेशन) उरलेली दोन द्रावणे बहुतेक वेळा एकमेकांनाच निष्प्रभ करतात. आम्ल-अल्कली अनुमापनाचे उरलेले सांगायलाच नको. आयोडीन आणि थायोसल्फेट यांचे तेच. पोटॅशियम परमँगनेट उरले तर त्याच प्रयोगातले ऑक्झॅलिक आम्ल कोमट करून घातले की जांभळा रंग जातो. डायक्रोमेटचे उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण खरी काळजी तिथेच आहे. डायक्रोमेटमधले षट्संयुज क्रोमियम कर्करोगजनक आहे आणि सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम, तर नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात ०.१ मिलिग्रॅम आहे. मोहर क्षाराविरुद्ध (फेरस अमोनियम सल्फेट) डायक्रोमेटचे अनुमापन केले असता शंकुपात्रातले क्रोमियम अंतिम बिंदूपाशी आधीच त्रिसंयुज, म्हणजे कमी घातक, झालेले असते. नारिंगी राहते ते ब्युरेटमध्ये आणि बाटलीत. म्हणून आमच्याकडे फ्यूमहूडमध्ये (घातक वायू बाहेर खेचून घेणारे कपाट) एक मोठी बादली असते. तीत प्रथम उरलेले मोहर क्षाराचे आम्लयुक्त द्रावण जाते आणि मग ढवळत ढवळत नारिंगी द्रावण. नारिंगी छटा पूर्ण जाऊन रंग हिरवट झाला की क्षपण झाले. लोह कमी पडले तर थोडे सोडियम बायसल्फाइट घालावे, पण ते आम्लयुक्त द्रावणात सल्फर डायऑक्साइड सोडते, म्हणून हे काम फ्यूमहूडबाहेर करू नये.

मग चुन्याची निवळी नव्हे, तर चुन्याचे पातळ दूध थोडेथोडे घालत पीएच ८ ते ९ च्या दरम्यान आणायचा. इथे घाई केली की दोन त्रास होतात. मोहर क्षारात अमोनियम असल्यामुळे पीएच वर गेला की अमोनियाचा वास येतो. आणि सोडियम हायड्रॉक्साइडसारखी तीव्र अल्कली वापरून पीएच फारच चढला तर अवक्षेपित झालेले क्रोमियम हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागते, म्हणजे केलेले काम फुकट जाते. पीएचची पट्टी हातात असू द्यावी, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नये. लोहाचा तपकिरी अवक्षेप क्रोमियमला आपल्याबरोबर तळाशी ओढून नेतो. रात्रभर बादली झाकून तशीच ठेवली की सकाळी वर बोटभर उंचीचे नव्हे तर बादलीचा तीन-चतुर्थांश भाग नितळ पाणी असते. त्यातले थोडे परीक्षानळीत घेऊन आम्लयुक्त करायचे आणि डायफिनाइल कार्बाझाइडचे दोन थेंब टाकायचे. जांभळी-गुलाबी छटा आली तर परत क्षपण. नाही आली तर पीएच ५.५ ते ९ च्या मर्यादेत असल्याची खात्री करून पाणी सोडायचे. गाळ वाळवून रुंद तोंडाच्या बरणीत जातो. पूर्वी एका सत्रात चार कॅन भरत, आता त्याच प्रयोगांचा गाळ एका बरणीत मावतो, आणि बरणीवर काय लिहायचे याची शंका कधी आली नाही.

चांदीच्या बाबतीत तर साठवणे हे सरळ धोक्याचे आहे. टोलेन्सचा अभिकर्मक (सिल्व्हर नायट्रेटचे अमोनियायुक्त द्रावण) उरला आणि उद्या पाहू म्हणून ठेवला तर त्यात स्फोटक काळा अवक्षेप तयार होऊ शकतो. प्रयोग संपताच उरलेला अभिकर्मक विरल नायट्रिक आम्लाने मोडायचा आणि मिठाच्या द्रावणाने सिल्व्हर क्लोराइड म्हणून चांदी वेगळी करायची. तपकिरी बाटलीत जमा झालेले हे क्लोराइड जस्ताने क्षपण करून परत चांदीही मिळवता येते, आणि तृतीय वर्षाच्या मुलांना तो प्रयोग जर्नलमधल्या कोणत्याही प्रयोगापेक्षा जास्त आवडतो.

या मार्गाचे दोष लपवण्याचे कारण नाही. प्रात्यक्षिकामागे सुमारे चाळीस मिनिटे जातात आणि ती वेळापत्रकात धरली नाहीत तर हे काम मामांच्या एकट्यावर पडते, जे अन्यायाचे आणि धोक्याचेही आहे. आम्ही शेवटचा अर्धा तास विद्यार्थ्यांच्याच प्रयोगाचा भाग केला, तेव्हा ते टिकले. दाट आम्ले उदासीन करताना उष्णता निघते. भरपूर गार पाण्यात आम्ल बारीक धारेने सोडायचे आणि मगच धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालायचा, नाहीतर फेस बादलीबाहेर येतो. फ्यूमहूड चालत नसेल, तर हा मार्ग धरूच नये, आधी तो दुरुस्त करावा. आणि प्रयोगशाळेत प्रक्रिया केली म्हणून कागदपत्रांतून सुटका होत नाही. गाळ हा घातक कचराच असतो, त्यामुळे मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी विचारणा करून प्राधिकारपत्राची बाजू आधी नीट करून घ्यावी. आम्ही तसे केले आणि ते सोपे गेले.

काही गोष्टी मात्र मी टेबलावर कधीही हाताळणार नाही. नेस्लरच्या अभिकर्मकातला पारा, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणीच्या नळ्या, सायनाइड, आणि चिठ्ठी गळून गेलेल्या जुन्या बाटल्या. पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूच्या चाचणीत वापरल्या जाणाऱ्या अल्कधर्मी आयोडाइडमध्ये सोडियम अॅझाइड असते, तेही तांब्या-शिशाच्या नळांत जाऊ देऊ नये, कारण तिथे स्फोटक अॅझाइड तयार होतात. वाळून गेलेले पिक्रिक आम्ल दिसले तर बाटलीचे झाकणही फिरवू नये. हे सगळे जाणकारांकडेच गेले पाहिजे. त्यामुळे ज्या विभागात एम.एस्सी. सेंद्रियचे वर्ग आहेत आणि द्रावकांचेच प्रमाण जास्त आहे, त्यांनी साठवण्याचा मार्ग घेतला तर मी त्यांना अडवणार नाही. फक्त कॅनला चिठ्ठीऐवजी दोऱ्याने बांधलेली वही असावी, प्रत्येक वेळी ओतणाऱ्याने त्यात नाव, पदार्थ आणि मिलिलिटर लिहावेत, आणि वहीत नोंद केल्याशिवाय झाकणाची किल्ली मिळू नये, एवढे सुचवीन.

ज्यांच्याकडे प्रामुख्याने अकार्बनी विश्लेषण आणि अनुमापने आहेत, त्यांनी मात्र पुढच्या सत्रात निदान डायक्रोमेटच्या एका प्रयोगापासून त्याच दिवशीची प्रक्रिया करून पाहावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारे सामान म्हणजे एक बादली, चुना, पीएचच्या पट्ट्या आणि डायफिनाइल कार्बाझाइडची छोटी बाटली. यातली शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळे बहुतेक भांडारांत आधीपासूनच असते.