निक्सन लायब्ररी, योर्बा लिंडा: वॉटरगेट गॅलरीसाठी तरी जाच

देशातून कोणी आलं की लॉस एंजेलिसकडची आपली मंडळी त्यांना आधी डिस्नेलँडला नेतात, ठीकच आहे, पण तिथून गाडीने जवळच योर्बा लिंडाला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सनची लायब्ररी आहे आणि राजकारणावर तासन्‌तास बोलणारे काका-मामा बरोबर असतील तर तिकडे न्याच. नाव लायब्ररी, खरं तर मोठं म्युझियम. वडिलांनी बांधलेलं ते घर जिथं निक्सन जन्मला ते आवारातच, नवराबायकोच्या कबरीही तिथंच.

पैसे वसूल होतात ते वॉटरगेट गॅलरीत. वॉटरगेट म्हणजे १९७२ ला निक्सनच्या माणसांनी विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या कार्यालयात केलेली चोरी आणि मग ती दाबायची खटपट. आधी लायब्ररी निक्सनच्या माणसांच्या ताब्यात होती तेव्हा हे सगळं विरोधकांचं कारस्थान असाच सूर होता, मग २००७ ला ती नॅशनल आर्काइव्हजकडे, म्हणजे सरकारी अभिलेखागाराकडे गेली आणि २०११ ला नवीन गॅलरी उघडली, तिथं काही झाकपाक नाही. निक्सनच्या ऑफिसातल्या बोलण्याची २३ जून १९७२ ची टेप नक्की ऐका. चोरी होऊन ६ दिवस झालेत आणि साहेब आपला चीफ ऑफ स्टाफ हाल्डमनबरोबर ठरवतायत की सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास थांबवायचा. आणि त्याच नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हा माणूस ५० पैकी ४९ राज्यं जिंकतो! म्हणजे लोकांना फरकच पडला नाही, तेव्हा तरी.

माझा सल्ला, जायच्या आधी पुढच्या निवडणुकांचे निकाल वाचून जा, गॅलरी दुप्पट कळते. निक्सनचा राजीनामा ऑगस्ट १९७४ चा, सप्टेंबरात त्याच्या जागी आलेल्या फोर्डने माफी दिली आणि नोव्हेंबरात हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) डेमोक्रॅट्सच्या ४९ जागा वाढल्या, करून गेला एक आणि भोगलं पक्षातल्या भलत्यांनी. १९७६ ला फोर्डविरुद्ध डेमोक्रॅट कार्टर 'मी खोटं बोलणार नाही' म्हणत आला आणि जिंकला, पण इलेक्टोरल मतांत (ती राज्यवार मिळतात, जिंकायला २७० लागतात) २९७ विरुद्ध २४० एवढंच, ओहायो आणि हवाईत मिळून फरक साडेअठरा हजार मतांच्या आसपास, ती दोन्ही फिरली असती तर कार्टर २६८ वर अडकला असता. त्यात महागाई होती, डिबेटमध्ये फोर्ड पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असं बोलून बसला होता, त्यामुळे सगळंच वॉटरगेटच्या खात्यावर टाकू नका. आणि १९८० ला रिपब्लिकन रेगनने ४८९ इलेक्टोरल मतं घेऊन कार्टरला ४९ वर आणलं, सिनेटही रिपब्लिकनांकडे गेलं. स्कँडलचा राग सहा वर्षंही टिकला नाही हो. क्लिंटनच्या वेळी तर उलटंच, १९९८ ला महाभियोगाची तयारी चालू असताना त्याच्याच डेमोक्रॅट पक्षाच्या हाउसमध्ये ५ जागा वाढल्या आणि खुर्ची गेली हाउसचा रिपब्लिकन सभापती गिंगरिचची.

पोरं बरोबर असतील तर गॅलरीत ती कंटाळणार, एवढं वाचायला आहे. त्यांना ओव्हल ऑफिसच्या (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या) हुबेहूब खोलीत सोडा, टेबलाशी बसून फोटो काढता येतात. ५ पैकी साडेचार.