जुना कार्ब्युरेटर धुवायचा की नवा बसवायचा?

अंबाझरी-फुटाळ्याच्या या नागपुरात आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे लावतात त्या इंजिनाचा, मिस्त्री सापडणं कठीणच. पण टू-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर उघडायला लुना आणि आरएक्स १०० कोळून प्यालेला मेकॅनिक पुरतो. पडून राहिलेल्या पेट्रोलाच्या चिकट थरानं जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बुजले असतील, तर क्लीनर, हवेचा झोत आणि नवी गॅस्केट एवढ्यात भागतं. जेटमध्ये तार मात्र खुपसू नका, भोक मोठं होतं.

नवा घ्यायचा तर बाहेरून मागवा, वाट पाहा, आणि मॉडेल चुकलं की तो बसतच नाही. आतून ॲल्युमिनियमला खड्डे पडले असतील तरच त्या फंदात पडा. मी आधी धुईनच.

धुवा किंवा नवा घ्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाती असलेलं चाक) मात्र बदला, जुना रबर कडक होतो. चाचणी पाण्याच्या ड्रममध्येच घ्या. इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर आली नाही तर ते लगेच बंद करा.