क्लोज्ड-बॅक वायर्ड हेडफोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवीन हेडफोन घेणारे मला बहुतेक तेच तीन प्रश्न विचारतात: ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) किती एमएमचा, हेडफोन किती ओहमचा (म्हणजे विजेला त्याचा अडथळा किती) आणि बेस कसा. डोक्यावर कसा बसतो, हे क्वचितच कोणी विचारतं. रोजच्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय की सुरुवात तिथूनच करायला हवी.

माझा हेडफोन क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपची मागची बाजू बंद असलेला, कान पूर्ण झाकणारा, ८० ओहमचा, मखमली इअरपॅडचा. सुरुवातीला पकड घट्ट होती, कानामागे दुखायचं. हळूहळू हेडबँड सैलावला आणि आता काम करताना तासन्‌तास डोक्यावर असतो. पण पकड अगदीच सैल असूनही चालत नाही. पॅड आणि त्वचा यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी बेस जातो. चष्मा वापरणाऱ्यांनी हे करून बघाच: तबल्याचा डग्गा स्पष्ट वाजतो असं काहीतरी लावा आणि चष्मा काढा. माझ्या जाड काड्यांच्या चष्म्यात डग्गा पोकळ वाजतो, चष्मा काढला की लगेच भरतो. पातळ काड्यांच्या चष्म्यात हा फरक जवळजवळ राहत नाही. ‘याला बेसच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते.

मखमलीत कानांना घाम कमी येतो, पण धूळ आणि केस चिकटतात. रेक्झिनचे पॅड बाहेरचा आवाज जास्त अडवतात, मात्र गरम होतात आणि काही काळाने त्यांचे पापुद्रे निघतात. कोणतेही घ्या, पॅड सुटे मिळतात का हे आधी बघा.

ओहम जास्त म्हणजे वेगळा अ‍ॅम्प (सिग्नलची ताकद वाढवणारं यंत्र) लागणारच, अशी उगाच भीती आहे. नुसत्या ओहमवरून काही कळत नाही, सेन्सिटिव्हिटीही (तेवढ्याच सिग्नलवर हेडफोन किती मोठ्याने वाजतो ते) सोबत बघावी लागते. माझा हेडफोन लॅपटॉपवर आरामात वाजतो. फोनला साध्या यूएसबी-सी डोंगलवर (हेडफोनची पिन फोनला जोडणारा छोटा अ‍ॅडॅप्टर) लावला की आवाज बराच वर न्यावा लागतो, पण पुरतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, त्याला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे अ‍ॅम्पचा विचार ठीक आहे. बाकीच्यांनी आधी आहे त्यावर ऐकावं आणि आवाज कमी पडला तरच खर्च करावा. खोक्यावरच्या ‘५ ते ३५,००० हर्ट्झ’लाही भुलू नका. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येते.

एचडी ६०० ओपन-बॅकही आहे, म्हणजे त्याच्या कपची मागची बाजू उघडी असते. तसे हेडफोन मोकळे वाजतात, पण तुमचं गाणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातं. एकट्याची शांत खोली असेल तर जरूर घ्या. माझ्याकडे ती नाही, म्हणून क्लोज्ड-बॅक. तरी बोलण्याचे आवाज थोडेफार आत येतातच. नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करणारी सोय) पंख्याच्या किंवा इंजिनच्या सलग घरघरीवर छान चालतं, बोलण्यावर तेवढं नाही.

ब्लूटूथ का नाही घेतलं? मुख्यतः कॉलसाठी. कॉम्प्युटरवर ब्लूटूथ हेडफोनचाच माइक सुरू केला की बहुतेक वेळा सगळा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो, कारण जोडणी कॉलसाठीच्या हँड्स-फ्री मोडमध्ये जाते. तुमच्याकडे असं होत असेल तर हेडफोन बदलू नका. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा. चालताना-फिरताना ऐकायचं असेल तर मात्र वायरलेसच बरा.

हेडफोन ‘बर्न-इन’ करायला, म्हणजे सतत वाजवून आवाज सुधारायला, तो रात्रभर वाजत ठेवायची गरज मला वाटत नाही. काही दिवसांनी आवाज बदलल्यासारखा वाटतो, कारण पॅड मऊ होऊन नीट बसतात आणि कानही त्या आवाजाला सरावतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, आवाज जपून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानतात, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला फक्त ५ तास. हेडफोन काढल्यावर कानात गुंई वाजत असेल तर आवाज नक्कीच जास्त होता. झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही.

माझी खरी नाराजी वायरवर आहे. ती तीन मीटर लांब आहे, खुर्चीच्या चाकाखाली येते आणि कपपासून सुटी होत नाही. तुटली तर सोल्डरिंग करावं लागेल. ज्याची वायर काढता-लावता येते असं मॉडेल तुमच्या बजेटमध्ये बसत असेल तर तेच घ्या.