पूलचा पंप आणि फिल्टर बदलला: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. घरच्या पूलसाठी पंप लहान आणि फिल्टर मोठा घ्या. बाजारात नेमकं उलटं विकलं जातं.

आमचा पूल कर्जतजवळच्या घरी. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे पाणी साधारण ४५ हजार लिटर. बांधणाऱ्याने दीड एचपीचा साधा पंप आणि ४५० मिमी व्यासाचा सँड फिल्टर (वाळूतून पाणी गाळणारी टाकी) बसवून दिला होता. मार्चमध्ये पंपाचं वायंडिंग जळलं. त्याच सुमारास पूलच्या तळाशी, रिटर्नच्या (गाळलेलं पाणी परत आणणाऱ्या नळीच्या) तोंडासमोर, वाळूचे बारीक ढीग दिसायला लागले होते. फिल्टरच्या बुडाशी चिरा पाडलेल्या नळ्या असतात, लॅटरल म्हणतात त्यांना, त्या तुटल्याची ही खूण. दोन्ही बदलणं आलं.

पूलवाला म्हणाला, "साहेब, दीडचा जळला ना, आता दोनचाच टाका. पाणी कसं चकाकतं बघा." हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवणारच, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ४५० मिमीच्या फिल्टरमध्ये वाळूचं तोंड, म्हणजे पाणी जिथून आत शिरतं तो पृष्ठभाग, जेमतेम ०.१६ चौरस मीटर. घरगुती फिल्टरमधून पाणी ताशी ५० मीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊ नये असं धरतात. म्हणजे या फिल्टरची ताकद ताशी आठ हजार लिटरची, आणि आमचा दीडचा पंप त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी ढकलायचा. इतक्या जोराने गेलेलं पाणी वाळूत वाटा पाडतं, बारीक गाळ त्या वाटांनी पलीकडे जातो आणि रिटर्नमधून परत पूलमध्ये येतो. पाणी कायम किंचित दुधाळ का, याचं उत्तर तिथे होतं. आम्ही मात्र दर महिन्याला क्लोरीनला दोष देत होतो. त्यात दोन एचपी टाकला असता तर दुधाळपणा आणि वीजबिल दोन्ही वाढलं असतं.

शेवटी ६०० मिमीचा फिल्टर घेतला आणि एक एचपीचा, वेग कमी-जास्त करता येणारा पंप. फिल्टरचा व्यास तिसऱ्या हिश्शाने वाढला, पण वाळूचं तोंड पावणेदोन पट झालं. पंपाला साध्या पंपाच्या दुपटीहून जास्त पैसे पडले. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही; मापं जुळली तर नावाने फारसा फरक पडत नाही आणि मापं चुकली तर भारीतलं नावही वाचवत नाही.

वेगाचं गणित मात्र खरंच मजेशीर आहे. पंपाचे फेरे निम्मे केले की पाणी निम्मं येतं, पण वीज तत्त्वतः आठव्या हिश्शावर येते. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हमध्ये (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात) थोडी वाया जाते, तरी फायदा मोठाच राहतो. जुना पंप मिनिटाला २,९०० फेऱ्यांनी सहा तास चालायचा आणि दिवसाला नऊ युनिट खायचा. नवा १,७०० फेऱ्यांवर दहा तास चालतो. पडद्यावर २८० वॅटच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे दिवसाला तीन युनिटांच्या आत. तेवढ्यात सगळं पाणी जवळजवळ दोनदा गाळून होतं. अमेरिकेत जुलै २०२१ पासूनच्या नियमांमुळे जमिनीत बांधलेल्या पूलच्या मोठ्या पंपांना हाच प्रकार जवळपास सक्तीचा झाला आहे. आपल्याकडे दुकानदार अजून तो 'इम्पोर्टेड शौक' म्हणून दाखवतात.

बसवताना स्वतः उभं राहावं अशा जागा दोनच. एक, वाळू भरताना. फिल्टरमध्ये आधी अर्ध्यापर्यंत पाणी भरून घ्यायचं, मग गोणी हळूहळू सोडायची. कोरड्या फिल्टरमध्ये वरून गोणी उपडी केली की नव्या लॅटरल पहिल्याच दिवशी तुटतात. आमच्या फिल्टरला साधारण दीडशे किलो वाळू लागली, अर्धा ते एक मिलिमीटरच्या दरम्यानची. नदीची बांधकामाची वाळू चालत नाही. दुसरी जागा म्हणजे वीज. जुन्या पंपाला नुसती एमसीबी होती. आता ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावून घेतला आणि अर्थिंग तपासून घेतलं. पाण्यात पोरं असतात, इथे काटकसर नको. पंप फूटभर उंच ओट्यावर घेतला, कारण आमची पंपरूम खड्ड्यात आहे आणि जुलैत तिथे घोट्याएवढं पाणी साचतं.

पहिले काही आठवडे मी नाराज होतो. एवढा खर्च करून पाणी अगदी आरसपानी काही होईना. पण नवी कोरी वाळू तितकं बारीक गाळत नाही. दाण्यांमध्ये थोडा मळ मुरला की गाळणी सुधारते. आमचे माळीकाका रोज सकाळी देवपूजेसारखा बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं) करायचे, तो बंद करवला. आता स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा दाबाच्या गेजवर अर्धा बार चढला तरच बॅकवॉश. जुन्या फिल्टरला तो आठवड्याला हमखास लागायचा, आता उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे निघतात. एका वेळी सातशे-आठशे लिटर पाणी जातं. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्याला यातली बचत विजेपेक्षा जास्त जाणवते. बॅकवॉश मात्र पूर्ण वेगावरच करायचा; धीम्या वेगात वाळू उचलली जात नाही आणि मळ तिथेच बसून राहतो. आणि मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा फिरवण्याआधी पंप बंद, प्रत्येक वेळी. चालू पंपावर फिरवला की आतलं गॅस्केट जागचं निघतं आणि शुद्ध पाणी गुपचूप ड्रेनमधून वाहत राहतं.

आता तक्रारी. धीम्या वेगात स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं कडेचं तोंड) पानं ओढत नाही. आमच्याकडे जांभूळ आणि बांबू दोन्ही पूलच्या कडेला, त्यामुळे सकाळी एक तास पूर्ण वेगावर चालवावाच लागतो, आणि तेवढी वीज वरच्या हिशेबात धरलेली नाही. दुसरं, व्होल्टेज. पावसाळ्यात आमच्या वीजलाइनवर ते खाली जातं आणि ड्राइव्ह रुसून बंद पडतो. जुना पंप घुमत, तापत का होईना चालायचा (बहुधा त्यातच जळला). वेगळा स्टॅबिलायझर घ्यावा लागला, आणि विकताना हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसरं, लांबलेल्या लोडशेडिंगनंतर पंपाचं घड्याळ शून्यावर येतं. काकांना ते लावता येत नाही, मला फोनवरून समजावता येत नाही. विक्रेत्याच्या सर्व्हिसवाल्याने दोनदा "उद्या येतो" म्हटलं, शेवटी आमच्या वायरमननेच काय ते केलं.

श्रावणात पाणी एकदा हिरवं झालंच. त्याचा राग फिल्टरवर काढू नका. मुसळधार पावसाने क्लोरीन पातळ झालं, त्यात दोन दिवस वीज नव्हती. पीएच ७.४ च्या आसपास आणून, क्लोरीनचा मोठा डोस देऊन शेवाळ मारलं. पण मेलेलं शेवाळ इतकं बारीक असतं की वाळूतून निसटतं. मग तुरटी टाकली, रात्रभर पंप बंद ठेवला आणि सकाळी तळाचा गाळ मल्टिपोर्ट 'वेस्ट'वर ठेवून थेट बाहेर ओढला. तुरटीचा गाळ फिल्टरमधून नेला की वाळूचे गठ्ठे होतात. तुरटीने पीएच उतरतो, तो नंतर पुन्हा बघावा लागला.

आवाजाबद्दल एक ओळ: बायको पूलशेजारच्या खोलीत आता दुपारी झोपू शकते. तिच्या लेखी सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

तुमचा पूल फक्त शनिवार-रविवार वापरात असेल आणि आठवडाभर झाकून ठेवत असाल, तर महागड्या पंपाचे पैसे निघायला बरीच वर्षं लागतील. एक एचपीचा साधा पंप घ्या आणि उरलेले पैसे मोठ्या फिल्टरला लावा. फक्त ऑर्डर देण्याआधी पंपरूमचं दार मोजा. आमच्या दोन फुटी दारातून ६०० चा फिल्टर आत जाईना, शेवटी सुताराला बोलावून चौकट काढावी लागली.